धागा: माझा टेबलटॉप खेळ लोकांपर्यंत पोचवू कसा?

करवंद
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, थोडा लांब आहे.

गेली अडीच वर्षं मी एक टेबलटॉप आरपीजी लिहीत होते. नाव 'राखणदार'. कोकणातलं एक गाव, पालखीची आदली रात्र. गावाचा राखणदार, म्हणजे गाव सांभाळणारा देव, कशाने तरी रुसलाय. उजाडायच्या आत कारण शोधायचं आणि त्याला राजी करायचं. चार-पाच जण, दोन साधे फासे, तीन तासांत खेळ पूर्ण. ए-फाइव्ह आकाराची ४४ पानं आहेत. मराठी आणि इंग्रजी दोन्ही आवृत्त्या मीच लिहिल्यात, चित्रं मावसबहिणीने लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर, कोरून छापलीत.

दिवाळीत इच डॉट आयओवर (छोट्या खेळकर्त्यांचे खेळ विकणारी साइट) पीडीएफ टाकली, किंमत पाच डॉलर. आजवर ११ प्रती गेल्या, त्यातले सहा जण ओळखीचे. मराठी आवृत्ती फक्त दोघांनी घेतली.

काय काय केलं ते सांगते. महिनाभर रोज इन्स्टाग्रामवर पोस्ट. चार डिस्कॉर्ड समूहांवर लिंक. एका मोठ्या इंग्रजी फोरमवर लिहिलं, ते दहा मिनिटांत 'स्वतःची जाहिरात' म्हणून उडवलं गेलं. परीक्षणं लिहिणाऱ्या सहा जणांना मेल केले, उत्तर एकाचंही नाही.

यावर पोट भरायचं नाहीये, नोकरी आहे. पण लोकांनी हा खेळ खेळावा असं फार आतून वाटतं. फुकट करू का? मराठीवर वेळ घालवू की इंग्रजीवरच? छापून घेऊ? कोणी स्वतः काही बनवून ऑनलाइन विकलं असेल तर कृपया अनुभव लिहा.

दादरकर_सुमो
वाचतोय. पण आधी टेबलटॉप आरपीजी म्हणजे काय ते दोन ओळींत सांग की. माझ्यासारखे बरेच असतील इथे.

करवंद
@दादरकर_सुमो, हो, ते राहिलंच. टेबलाभोवती बसून सगळ्यांनी मिळून एक गोष्ट रचायची. प्रत्येकाचं एक पात्र. एक जण जीएम, म्हणजे गावातली बाकीची माणसं, भुतं, पाऊस-वारा सगळं तो सांभाळतो. 'मी विहिरीत वाकून बघते' असं तुम्ही म्हणता, आणि पुढे काय होईल याची खात्री नसेल तर फासे टाकायचे. बोर्ड नाही, सोंगट्या नाहीत, हरणं-जिंकणं नाही.

दादरकर_सुमो
अच्छा! म्हणजे लहानपणी गच्चीवर 'तू पोलीस, मी चोर, आणि हा बाक म्हणजे जीप' करायचो तेच, फक्त भांडण सोडवायला फासे. कळलं.

जुना_फासा
सुमो, यापेक्षा सोपी व्याख्या मी वीस वर्षांत ऐकली नाही.

करवंद, मी डोंबिवलीत इंजिनिअरिंगला असल्यापासून खेळतोय, आता पोरीच्या वर्गमैत्रिणींचा जीएम आहे. एक गोष्ट लक्षात घे. हा धंदा सुरू झाला तेव्हापासून तो टेबलावरून टेबलावर पसरत आलाय. १९७४ साली डन्जन्स अँड ड्रॅगन्सची पहिली आवृत्ती निघाली ती फक्त १००० प्रतींची, आणि खोकी भरायचं काम खेळाचा एक कर्ता गॅरी गायगॅक्स आणि त्याच्या मित्रांनी घरात बसून केलं. ज्याने एक खोकं घेतलं त्याने पाच जणांना खेळवलं, त्यातल्या एकाला स्वतः जीएम व्हावंसं वाटलं, त्याने पुढचं घेतलं. विकत घेणारा एकटाच असतो, खेळणारे पाच असतात. तुझी सगळी जाहिरात त्या एकासाठी हवी, जो इतरांना बसवणार आहे.

म्हणून माझं मत: नियमांचं पुस्तक फुकट कर. मदरशिप या खेळाचं उदाहरण बघ. २०१८ मध्ये त्यांनी खेळाडूंचं पुस्तक 'वाटेल तेवढे द्या' अशा पद्धतीने पीडीएफमध्ये टाकलं. लोक खेळत राहिले, साहसकथा विकत घेत राहिले, आणि २०२१ मध्ये डब्याच्या आवृत्तीसाठी किकस्टार्टरवर (लोकांकडून आधी पैसे जमवायची साइट) १४ लाख डॉलरच्या वर जमले. आयर्नस्वॉर्न हा खेळ तर आजही फुकट आहे. २०१९ मध्ये त्याला सर्वोत्तम मोफत खेळाचा सुवर्ण एनी (टेबलटॉपवाल्यांचा) पुरस्कार मिळाला. एकट्याने खेळता येतो, त्यामुळे 'मंडळी जमत नाहीत' ही अडचणच उरली नाही. त्याच लेखकाने पुढचा खेळ मग विकला.

हिशोबनीस
जुना_फासा यांच्याशी अर्धा सहमत, अर्धा अजिबात नाही.

मदरशिप आणि आयर्नस्वॉर्न आपल्याला माहीत आहेत कारण ते चालले. त्याच वर्षी फुकट टाकलेले आणि कोणीच न उघडलेले शेकडो खेळ आहेत, त्यांची नावं या धाग्यावर येणार नाहीत. जून २०२० मधला इचचा वांशिक न्यायासाठीचा बंडल, म्हणजे एकत्र विकलेला संच, आठवा. किमान पाच डॉलरमध्ये खेळ आणि इतर मिळून १७०० हून अधिक गोष्टी, जमले ८० लाख डॉलरच्या वर, सगळे चांगल्या कामाला गेले. त्यात टेबलटॉप खेळही भरपूर होते. मीही घेतला होता. त्यातले किती उघडले? चार. पीडीएफ संग्रही असणं आणि तो खेळ खेळला जाणं यात फार मोठं अंतर आहे.

शिवाय मदरशिपकडे विकायला दुसरं काहीतरी होतं. करवंद यांच्याकडे आज एकच पुस्तक आहे. ते फुकट केलं की विकायला उरतं काय?

मधला मार्ग इचवरच आहे. पूर्ण खेळ पाच डॉलरलाच ठेवा, सोबत आठ पानांची सुरुवातीची आवृत्ती फुकट द्या: चार तयार पात्रं, एक गाव, एक रात्र. आणि 'कम्युनिटी कॉपी' ठेवा. एक प्रत विकली गेली की एक प्रत ऐपत नसलेल्यासाठी मोफत उपलब्ध होते. टेबलटॉपवाल्यांमध्ये ही पद्धत रुळलेली आहे आणि लोक मानाने वापरतात.

आता पैशाचं. इचचा वाटा विकणाराच ठरवतो, काही बदललं नाही तर १० टक्के. ड्राइव्हथ्रूआरपीजी या दुसऱ्या साइटवर फक्त तिथेच विकलंत तर तुम्हाला ७० टक्के, इतरत्रही विकत असाल तर ६५. गिऱ्हाईक मात्र तिथे आधीपासून जमलेलं असतं, त्यामुळे ३५ टक्के फुकट जातात असं मी म्हणणार नाही. किकस्टार्टर भारतात राहून सुरू करता येत नाही, तो विचार सोडा. आणि तुमच्या मराठी आवृत्तीच्या दोन प्रतींचं कारण कदाचित भाषा नसेलच. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे पाठवणं बंद केलंय, आणि परदेशी व्यवहार चालू असलेलं कार्ड सगळ्यांकडे नसतं. सांगलीतल्या कॉलेजच्या मुलाने पाच डॉलर भरायचे कसे? त्याला यूपीआयचा क्यूआर द्या आणि मेलवर पीडीएफ पाठवा.

करवंद
@हिशोबनीस, यूपीआयचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोघांनी 'पेमेंट जात नाही' असं कळवलं होतं, मला वाटलं तात्पुरता बिघाड असेल.

मृण्मयी_के
मी ग्राफिक डिझाइन करते, खेळातलं फार कळत नाही. तुझं इचचं पान उघडून बघितलं. रागावू नकोस, पण चित्रं इतकी सुंदर आणि पान असं का?

मुख्य चित्रावर तू सगळं पालखीचं दृश्य टाकलंयस, त्यावर नाव, त्याखाली उपनाव, त्याखाली 'लेखन व मांडणी'. इच मुख्य चित्र ६३० बाय ५०० पिक्सेलचं मागतं, आणि यादीत ते काडेपेटीएवढं दिसतं. तेवढ्यात एकच गोष्ट दिसायला हवी. आतल्या पानावरची ती कंदील धरलेली म्हातारी आहे ना, तिला घे. तिच्या मागचा काळोख काळोखच राहू दे. नाव मोठं, बाकी काही नाही.

दुसरं, आतली पानं कुठेच दाखवलेली नाहीत. मी कापड हात लावून बघितल्याशिवाय घेत नाही, पुस्तक चाळल्याशिवाय घेत नाही. तीन-चार पानांची चित्रं टाक: एक नियमांचं, एक चित्राचं, एक पात्राचा कागद.

तिसरं आणि मला सगळ्यात खुपलेलं. मराठी आवृत्तीत ल आणि श हिंदी वळणाचे आलेत. मुक्त घे, मुंबईच्याच एक टाइपचा आहे, किंवा तिरो देवनागरी मराठी घे. दोन्ही फुकट आहेत. मुक्त वापरलास तर मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडायला विसरू नकोस, नाहीतर पुन्हा हिंदी ल येईल. मराठी वाचकाला नेमकं काय चुकलंय ते सांगता येणार नाही, पण पुस्तक परकं वाटेल.

करवंद
ल आणि श! अडीच वर्षं हे पान बघतेय आणि दिसलं नाही. आज रात्रीच बदलते. आणि रागवेन कशाला, इतकं बारकाईने कोणी बघितलंच नव्हतं.

तिरकामठा
एक प्रश्न. चित्रं एआयची नाहीत ना? विचारतोय कारण टेबलटॉपच्या वर्तुळात यावरून लोक सरळ पाठ फिरवतात. इच आणि ड्राइव्हथ्रू दोन्हीकडे एआय वापरलं का ते विचारलं जातं.

करवंद
नाहीत. लिनो कोरताना बहिणीच्या अंगठ्याला पडलेल्या टाक्याचा फोटो आहे माझ्याकडे.

मृण्मयी_के
अंगठा बरा झाला असेल तर टाक्याचा नको, कोरतानाचा फोटो टाक! कोरलेला लिनो, शाईचा रोलर, कागद उचलतानाचा क्षण. लोक हे थांबून बघतात.

देवगडचो_आंबो
बरा केलंस बाय, लय बरा वाटला. आता सगळ्यांना कळेल असं लिहितो.

मी खेळ विकत घेऊन वाचला. (त्या ओळखीचे नसलेल्या पाच जणांतला मी एक.) आणि मला एक कळत नाही. पान ३१ वर जे आहे ते तू जगाला सांगत का नाहीस?

इतरांसाठी सांगतो. शेवटी राखणदारापुढे गाऱ्हाणं घालायचं असतं. एक खेळाडू उभा राहून गाऱ्हाणं म्हणतो. रात्रभरात जे जे कळलं ते प्रत्येक ओळीत यायला हवं: विहिरीजवळ कोणी काय पुरलं, कोणाची जमीन कोणी लाटली, कोणता शब्द मोडला. आणि दर ओळीला बाकी सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, 'व्हय महाराजा!' ज्याला ती ओळ पटली नाही त्याने गप्प राहायचं. जितके गप्प, तितका फासा जड. म्हणजे गावाने आपसात खरं बोलून घेतलं नसेल तर राखणदार ऐकत नाही.

बाय, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. आमच्या गावात असंच असतं. आजोबा गाऱ्हाणं घालायचे तेव्हा सगळा गाव 'व्हय महाराजा' म्हणायचा, आणि एखादा मुद्दाम गप्प राहिला की सगळ्यांना कळायचं की त्याचं काहीतरी अडलंय. तुझ्या इचच्या पानावर लिहिलंय काय? 'कोकणातील लोककथांवर आधारित कथनप्रधान खेळ.' लोककथांवर आधारित खेळ ढिगाने सापडतील. गाऱ्हाण्याचा खेळ मी दुसरा पाहिलेला नाही.

जुना_फासा
थांबा. हा नियम आहे यात? करवंद, तू पहिल्या पोस्टमध्ये फासे, पानं, चित्रं सगळं सांगितलंस आणि हे सोडलंस?

हिशोबनीस
मी आत्ता विकत घेतला. पाच डॉलर. पान ३१ बघायचंय.

करवंद
मला वाटायचं तो शेवट आहे, आधीच सांगितला तर मजा जाईल.

जुना_फासा
नाही जात. पालखी शेवटी देवळात पोचते हे सगळ्यांना माहीत असतं, तरी गाव जमतोच की. हा नियम पहिल्या ओळीत आण.

नागपुरी_वडाभात
मी विदर्भातली. राखणदार, गाऱ्हाणं, यातलं काहीच आमच्याकडे नाही. पण 'ज्याला पटलं नाही त्याने गप्प राहायचं' हे मला लगेच कळलं. आमच्या घरातल्या लग्नाच्या बैठका अशाच असतात, मोठे काका गप्प बसले की समजायचं. माहीत नसलेलं राहू दे, समजावत बसू नकोस. शेवटी दोन पानांची शब्दसूची पुरे.

कट्टा_न्यूजर्सी
इथे शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या मुलांना शिकवते. वय १२ ते १५. या वयात मुलं मराठी बोलायचं बंद करतात, कारण चुकलं तर कोणी हसेल याची भीती असते. मागच्या वर्षी 'हनी हाइस्ट' खेळवलं होतं. एका पानाचा खेळ, अस्वलं मध चोरतात. नियम मी तोंडी मराठीत सांगितले. जो मुलगा वर्षभर 'हो' आणि 'नाही' यापुढे गेला नव्हता तो अस्वल होऊन चौकीदाराशी पाच मिनिटं मराठीत बोलला. अस्वलाचं मराठी चुकलं तर कोण हसणार?

त्यामुळे 'मराठीवर वेळ घालवू का' याला माझ्याकडून ठाम हो. इंग्रजीत तू हजारोंच्या गर्दीत आहेस. मराठीत एखाद्या शिक्षिकेला असं काही हवं असेल तर तिला फार थोडी दारं ठोठावता येतात. एक विनंती, पात्रांचे कागद सोप्या मराठीत आणि मोठ्या अक्षरात दे. 'व्हय महाराजा' तर ही मुलं घर डोक्यावर घेतील इतक्या जोरात म्हणतील.

संथ_वाहते
फोरमवरून पोस्ट उडवली गेली त्याबद्दल. मी एका इंग्रजी समूहात नियामक होतो, म्हणून त्या बाजूने सांगतो. दिवसाला दहा-बारा लोक यायचे, लिंक टाकायचे आणि गायब व्हायचे. आम्ही खेळ वाचायचो नाही, नियम लावायचो. पण जी माणसं दोन महिने इतरांच्या प्रश्नांना उत्तरं देत होती, त्यांनी स्वतःचा खेळ सांगितला तर सगळे धावून जायचे. तुझ्या खेळात मतभेद मोजायचा नियम आहे, तर 'तुमच्या टेबलावर सगळ्यांचं एकमत कसं घडवता' अशा चर्चेत तुझ्याकडे सांगण्यासारखं आहे. ते सांग. लिंक प्रोफाइलमध्ये असू दे.

आणखी एक. एप्रिल २०१९ मध्ये गूगल प्लस बंद झालं तेव्हा छोट्या खेळांचा एक भरलेला वाडा एका दिवसात रिकामा झाला. वर्षानुवर्षांच्या चर्चा, नियमांची घासाघीस, ओळखी, सगळं विखुरलं. इन्स्टाग्रामवर जमलेली माणसं तुझी नसतात. मेलची यादी कर, पहिल्या दिवसापासून. ४० जण असतील तरी चालतील. आणि आग्नेय आशियातल्या खेळकर्त्यांनी 'आरपीजीएसईए' या हॅशटॅगखाली एकमेकांना कसं उचलून धरलं ते बघ. फिलिपिन्स, मलेशिया, सिंगापूरचे लोक एकमेकांचे खेळ खेळतात, त्यांबद्दल लिहितात. एकट्याने ओरडण्यापेक्षा ते फार लांबवर पोचलं.

अनंत_फंदी
अवांतर: टेबलटॉप आरपीजीला मराठीत काय म्हणायचं? 'भूमिकाखेळ' फार सरकारी वाटतं.

देवगडचो_आंबो
सोंगखेळ. शिमग्याला सोंगं निघतात, भारुडात सोंगं असतात, सगळ्यांना शब्द माहीत आहे. आणि दशावतार बघा. लिखित संहिता नसते. आज कोणतं आख्यान, कोण राजा, कोण राक्षस एवढं ठरतं, संवाद रंगमंचावर जागच्या जागी. समोरच्याने काय टाकलं ते झेलायचं आणि पुढे न्यायचं. टेबलटॉपवाले ज्याला कौशल्य म्हणतात ते आमचे नट रात्रभर करतात, तेही दिवसा शेतात राबून.

तिरकामठा
'सोंग' म्हणजे ढोंग असाही अर्थ होतो. 'सोंगं करू नकोस' असं आपण पोरांना म्हणतोच. आणि दशावताराशी तुलना मला ताणलेली वाटते. तिथे प्रेक्षक असतो, श्रद्धा असते, देवळाची जत्रा असते. इथे चार मित्र सोफ्यावर.

देवगडचो_आंबो
तुलना कलेची नाही, रीतीची करतोय. पण श्रद्धेचा मुद्दा खरा आहे, आणि करवंद, तो तुझ्याकडे येणार. राखणदाराला खेळात घेतलं म्हणून कोणीतरी दुखावेल. मी स्वतः वाचताना तेच शोधत होतो. मला कुठेही टिंगल दिसली नाही. तू त्याला हरवायचा राक्षस केला नाहीस, ज्याचं ऐकायचं असा केलास. पण हे पुस्तकाच्या पहिल्या पानावर तुझ्या शब्दांत लिही.

करवंद
@देवगडचो_आंबो, काका, हे लिहिते. माझ्या चिपळूणच्या आजोळी राखणदाराला दरवर्षी नारळ देतात, तो मी लहानपणी हातात धरलाय. त्याची थट्टा माझ्याकडून होणार नाही. आणि 'सोंगखेळ' मला फार आवडला. मराठी आवृत्तीच्या मुखपृष्ठावर तोच शब्द टाकते.

छापखाना_गल्ली
छापायचं विचारलंत म्हणून. अप्पा बळवंत चौकाजवळ माझं छपाईचं काम चालतं. ४४ पानं चारने भागली जातात, उत्तम. ए-फाइव्ह, मॅपलिथो कागद, जाड मुखपृष्ठ, सेंटर पिन. डिजिटलवर ५० प्रती सहज निघतात, ऑफसेटच्या फंदात आत्ता पडू नका. लिनोची चित्रं एकरंगीच आहेत, त्यामुळे आत रंगीत छपाई नको. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. डबा, फासे, पत्ते घातलेत की ते पुस्तक राहत नाही, हिशोब बदलतो. फासे लोकांच्या घरात ल्यूडोच्या डब्यात असतातच. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) भारतात मोफत मिळतो, अर्ज करा.

अमेरिकेला प्रती पाठवायच्या असतील तर थांबा. २९ ऑगस्ट २०२५ पासून त्यांनी ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी काढली, तेव्हा आपल्या टपालाची तिकडची पार्सलं ऑक्टोबरपर्यंत अडकली होती. आता जातात, पण खर्च पुस्तकाच्या किमतीच्या वर जातो. तिकडच्या लोकांना पीडीएफ द्या, किंवा ड्राइव्हथ्रूची मागणीनुसार छपाई वापरा, ती तिकडेच छापून तिकडेच पोचते.

आणि किकस्टार्टर नाही म्हणून हळहळू नका. प्रकाशनपूर्व सवलत हा आपल्याकडचा जुना रस्ता आहे. मोठमोठे मराठी ग्रंथ वाचकांनी आधी पैसे भरले म्हणून निघाले. पन्नास नावं नोंदवा, पैसे घ्या, मग छापा. आणि शेवटच्या पानावर त्या पन्नास जणांची नावं द्या.

हिशोबनीस
प्रकाशनपूर्व सवलत! बरोबर. माझं नाव पहिलं लिहा.

दादरकर_सुमो
माझं दुसरं. पण खेळायला शिकवणार कोण?

जुना_फासा
तोच मुद्दा मी पहिल्यापासून धरून आहे. करवंद, तू स्वतः खेळव. ऑनलाइन, दर शनिवारी रात्री, इथल्याच लोकांना. चार जागा. सुमो पहिला. दहा शनिवार म्हणजे ४० माणसं, त्यातले पाच जरी जीएम झाले तरी तुझं पुस्तक तुझ्याशिवाय चालायला लागलं. मी पहिल्या मतात एक सुधारणा करतो. सगळं फुकट नको, हिशोबनीस म्हणतात तशी आठ पानं फुकट. पण त्या आठ पानांत गाऱ्हाणं हवंच.

लेखणी_आणि_फासा
उशिरा आलो. एक सुचवतो, परवान्याचं. जानेवारी २०२३ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा खुला परवाना बदलण्याचा मसुदा फुटला तेव्हा किती छोटे लेखक हादरले आठवत असेल. शेवटी २७ जानेवारीला कंपनीने नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या सगळ्यांना वापरता येणाऱ्या परवान्याखाली दिला. उलट २०१३ चा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' बघा, एका पानाचा खेळ, त्यावरून लोकांनी इतक्या आवृत्त्या केल्या की मूळ खेळाचं नाव आपोआप फिरत राहिलं.

तू चित्रं आणि मजकूर राखून ठेव, पण गाऱ्हाण्याचा नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळा कर. आणि इचवर एक जॅम लाव, म्हणजे ठरावीक मुदतीत सगळ्यांनी एका विषयावर खेळ लिहायचा उपक्रम: 'तुमच्या गावचा राखणदार', एका पानात. कोणी गोव्यातला देवचार आणेल, कोणी सातारकडचा म्हसोबा. लिहिणारा माणूस स्वतःच्या गावाबद्दल लिहिलेलं पान आपल्या सगळ्या नातेवाइकांना पाठवतो. त्यापुढे तुझी कोणतीही रील कमी पडेल.

नागपुरी_वडाभात
जॅम लावला तर मी आमच्या शेतातल्या पांढरीच्या देवावर लिहीन. तारीख सांग.

(तीन आठवड्यांनी)

करवंद
मंडळी, गावाहून आल्याबरोबर लिहितेय.

पान बदललं. कंदीलवाली म्हातारी आली, ल आणि श दुरुस्त झाले. पहिली ओळ आता अशी आहे: 'उजाडायच्या आत राखणदारापुढे गाऱ्हाणं घालायचंय. तुमच्यातलं कोण गप्प राहील?' आठ पानांची आवृत्ती फुकट ठेवली, त्यात गाऱ्हाणं आहे. यूपीआय सुरू केल्यापासून मराठीच्या १४ प्रती गेल्या, इंग्रजीच्या नऊ. संख्या लहान आहे, पण या २३ जणांपैकी मी फक्त तिघांना ओळखते.

दोन शनिवार खेळवले. पहिल्यात सुमो, वडाभात, हिशोबनीस आणि न्यूजर्सीच्या ताई. ताईंकडे भर सकाळ होती. शेवटी ताई गाऱ्हाणं म्हणत होत्या, सगळे 'व्हय महाराजा' म्हणत होते, आणि पाचव्या ओळीला सुमो गप्प झाला. खेळात त्याचा भाऊ मुंबईहून परत आला नव्हता, ते त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. कोणी काही बोलेना. मग ताईंनी ती ओळ बदलून पुन्हा म्हटली, भावाचं नाव घेऊन. तेव्हा तो म्हणाला. मी जीएम होते, मला पुढचं वाक्य सुचेना. अडीच वर्षं हा नियम कागदावर होता, तो असा वागतो हे मला त्या रात्री कळलं.

फक्त आवाजाचा, वीस सेकंदांचा तुकडा त्या चौघांच्या परवानगीने इन्स्टावर टाकला. आधीच्या महिनाभराच्या पोस्ट मिळून जितक्या लोकांनी पुढे पाठवल्या नव्हत्या तितक्यांनी हा एक पाठवला. एका इंग्रजी पॉडकास्टने स्वतःहून विचारलंय, होईल तेव्हा सांगेन.

जॅम शिमग्याच्या दिवशी सुरू, गुढीपाडव्याला बंद. प्रकाशनपूर्व नोंदणीत ३२ नावं झालीत, ५० झाली की छापखाना_गल्ली यांच्याकडे जाते.

एक अडलंय. इंग्रजी आवृत्तीत 'व्हय महाराजा'चं भाषांतर केलं होतं. ते काढून मूळच ठेवू का?

कट्टा_न्यूजर्सी
मूळच ठेव. माझ्या वर्गातली दोन अमराठी मुलं आत्ताच म्हणायला लागलीत.

दादरकर_सुमो
मूळच. आणि त्या रात्रीनंतर मी माझ्या खऱ्या भावाला फोन केला, बऱ्याच महिन्यांनी. एवढंच सांगायचं होतं.

देवगडचो_आंबो
व्हय महाराजा.

अनंत_फंदी
येत्या शनिवारी जागा आहे का? मला फासे कुठले लागतील?

करवंद
@अनंत_फंदी, एक जागा आहे. ल्यूडोतले दोन फासे आण, रात्री नऊला. लिंक व्यक्तिगत निरोपाने पाठवते.